गोळी, काडतूस की तोटा? शिकारीच्या पुस्तिकेचं मराठी करताना

खानापूरकर
भाचा अमेरिकेत असतो. यंदा रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतोय. त्यासाठी रायफल नि काडतूस कसं निवडावं यावरची एक पुस्तिका त्यानं धाडलीय. हुकूम असा की आजोबांना मराठीत करून वाचून दाखवा. आजोबा म्हणजे आमचे वडील. त्यांच्याकडे पिकराखणीची ठासणीची बंदूक होती, त्यामुळे त्यांना भारी उत्सुकता. मी पहिल्याच पानावर अडलोय. '३०८चं काडतूस' आणि '१५० ग्रेनची गोळी' या तिथं दोन निराळ्या वस्तू आहेत. आमच्यात दोन्हीला गोळीच म्हणतात. काय करू?

निपाणीकर
फरक ठेवाच, नाहीतर पुढचं सगळं पान कोसळेल. शब्द तुमच्या पेपरातच आहेत. 'दोन पिस्तुलं व चार जिवंत काडतुसं जप्त' असं छापतात, आणि घटनास्थळी सापडते ती 'रिकामी पुंगळी'. पुंगळी म्हणजे पितळेचं नळकांडं. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, तोंडाशी खोचलेली गोळी. हे चारही मिळून काडतूस. बार उडाला की गोळी जाते, पुंगळी मागं राहते. 'जिवंत' हे विशेषण मला फार आवडतं. मारायच्या वस्तूला जिवंत म्हणायचं!

काडतूस मूळचं पोर्तुगीज, 'कार्तुशु'वरून आलेलं. तुम्हा खानापूरवाल्यांना चोर्ला घाट उतरला की गोवाच, तेव्हा या शब्दावर पहिला हक्क तुमचा.

शहापूरकर
कन्नडमध्येही हीच गल्लत आहे. 'गुंडु' म्हणजे गोळीही आणि काडतूसही. तिकडच्या बातमीत 'जीवंत गुंडु' सापडतात. आमचा एक मित्र म्हणतो की आपल्याकडं 'गोळी'चा अर्थ कन्नडमुळं सैल झाला. मला पटत नाही. पुण्याचा माणूस तरी बंदुकीत काडतूस कुठं भरतो? तोही गोळ्याच भरतो.

आमचे आजोबा काडतुसाला 'तोटा' म्हणायचे. 'दोन तोटं दे' म्हटलं की आजी म्हणायची, तोटा तर रोजचाच आहे.

खानापूरकर
वडिलांना विचारलं. तोटा त्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या बंदुकीला तोटा नव्हताच. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं. काडतूस म्हणजे 'हे सगळं आधीच ठासून मिळतं ते', असं सांगितल्यावर त्यांना एका दमात कळलं. व्याख्या म्हणून हीच घेतो. आता आकडे. ३०८, २७०, ३०-०६ यांचं काय?

कॅम्पकर
पलटणीत आम्ही 'राउंड' म्हणत होतो, काडतूस नाही. ते असू दे. आकड्यांचं भाषांतर करू नका, कारण त्यांना एक नियम नाही. ३०८ म्हणजे गोळीचा व्यास ०.३०८ इंच, हे सरळ. ३०-०६ मधला ०६ मात्र सन १९०६, अमेरिकन सैन्यानं तो राउंड घेतला ते साल. ३०-३० मधला दुसरा ३० हा मुळात दारूचं वजन, ग्रेनमध्ये. आणि २७०ची गोळी मोजली तर ०.२७७ भरते! म्हणून ही नावं समजा, मापं नव्हे. माणसाचं आडनाव पाटील असलं म्हणजे तो गावचा पाटील असतोच असं नाही, तसं.

आपल्याकडं परवान्यावर '३१५ बोर' लिहितात नि छऱ्याच्या बंदुकीलाही '१२ बोर'. शब्द एक, हिशेब दोन. ३१५ हा इंचातला व्यास (०.३१५), पण १२ बोर म्हणजे नळीत बसेल एवढ्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड. त्यामुळं तिथं आकडा वाढला की नळी बारीक होते. वडिलांना हे जरूर सांगा, खूश होतील.

ग्रेन तसाच ठेवा. एक पौंडात ७००० ग्रेन. १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास.

लोंढेकरीण
आणि 'हरीण'? पुस्तिकेतला प्राणी पांढऱ्या शेपटीचा, म्हणजे आपल्या चितळ-सांबराच्या कुळातला. शिंगं भरीव, फाटे फुटलेली, दरवर्षी गळणारी. हे सारंगकुळ. काळवीट कुरंगकुळातला, त्याची शिंगं पोकळ आणि जन्मभराची. तेव्हा नर हरणाला कृपा करून 'काळवीट' लिहू नका. पेपरवाले लिहितात, तुम्ही नको. 'नर' पुरे.

शिवाय एक तळटीप टाका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं इथं चितळ, सांबर, भेकर यांची शिकार गुन्हा आहे. भीमगड अभयारण्याच्या कडेला राहतो आपण, कुणी मराठीत वाचून भलतंच मनावर घ्यायला नको.

खानापूरकर
टाकली. आता शेवटचा अडसर. हरणासाठी लष्करी, धातूच्या आवरणात पुरती बंद गोळी नको, ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. शरीरात शिरल्यावर टोक पसरेल अशी हवी. तिला काय म्हणू? 'प्रसरणशील' लिहिलं तर वडील उठून जातील.

निपाणीकर
'फुलणारी गोळी'.

लोंढेकरीण
फारच गोंडस झालं हो. फुलतं ते फूल. 'पसरट होणारी' म्हणा.

कॅम्पकर
मऊ टोकाची. टोकाला शिसं उघडं असतं म्हणून पसरते. कारणही त्यातच आलं.

खानापूरकर
कॅम्पकर काकांचं घेतलं. मसुदा असा: 'नवख्यानं २४३चं काडतूस घ्यावं, १०० ग्रेनची मऊ टोकाची गोळी, खांद्याला धक्का कमी बसतो, म्हणून नेम बिघडत नाही. सरावलेल्यानं २७० घ्यावं, १३० ग्रेनची गोळी, किंवा ३०८, १५० ग्रेनची. पल्ला आपला नेम जिथवर खात्रीचा तिथवरच धरावा.'

वडिलांनी ऐकलं. म्हणाले, 'सगळं बरोबर, पण त्याला विचार, ओढून कोण आणणार?'