प्रॉपमधलं अंतर १.२ मीटर चालेल का?

१५० मिमी स्लॅबला १.२ मीटरवर प्रॉप (ओल्या स्लॅबला खालून आधार देणारे उभे पाइप) चालतील का, हा प्रश्न अर्धाच आहे. काँक्रीट ३.९, फॉर्मवर्क (काँक्रीटचा साचा) ०.५, माणसं-साहित्य २.५, म्हणजे चौरस मीटरला ६.९ किलोन्यूटन. एका प्रॉपवर १.२ × १.२ म्हणजे १.४४ चौरस मीटर धरले तर साधारण १० किलोन्यूटन, म्हणजे टनभर. आता प्रॉपची उंची सांगा! तोच पाइप ३ऐवजी ४ मीटर उभा केला, की बकलिंगची क्षमता (दाबाखाली बाजूला न वाकता भार पेलण्याची ताकद) ५६ टक्क्यांवर येते. म्हणून प्रॉपच्या उंचीच्या मध्ये दोन्ही दिशांना पक्के आडवे पाइप हवेतच. ६०० मिमी बीमखाली काँक्रीटचा भार चौपट, तिथे वेगळं गणित करा. आडवा भार किमान उभ्याच्या २.५ टक्के धरून तिरके ब्रेसिंग (प्रॉप एकमेकांना बांधणारे पाइप) द्या. भरावावर नुसत्या विटेवर प्रॉप ठेवू देऊ नका. एक खचला की त्याचा भार शेजारच्यावर जातो.