तापाचा पाचवा आठवडा, नडगीवर लाल ठिपके आणि रक्तात तिन्ही पेशी कमी: हा डेंग्यूच असेल का?

निशिगंध:
माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आम्ही लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. गेल्या पाच आठवड्यांत त्याला तीन वेळा ताप आला, औषधाने उतरला आणि आठवडाभरात परत आला. मध्येच तो उजवा पाय टेकताना लंगडू लागला, तेव्हा वाढीच्या वयात हाडे दुखतातच असे सांगण्यात आले. परवा अंघोळ घालताना त्याच्या नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके दिसले, ते बोटाने दाबले तरी फिके होत नव्हते. काल रक्त तपासले: हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी ३,१०० आणि प्लेटलेट ३८,०००. पावसाळा असल्यामुळे सगळे डेंग्यू म्हणत आहेत, पण ती तपासणी निगेटिव्ह आली. पायाच्या दुखण्यासाठी एका डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस आणून देतात. आणखी काही दिवस थांबावे की लगेच मोठ्या ठिकाणी जावे?

देवराई:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. निदान येथून करता येणार नाही, परंतु थांबू नका, हे मात्र ठामपणे सांगते.

डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, पण रक्त घट्ट होते. हिमोग्लोबिन इतके खाली येणे हे त्याचे नेहमीचे चित्र नाही, शिवाय प्लेटलेट साधारणपणे आठवडा-दहा दिवसांत आपोआप चढू लागतात. तुमच्या मुलाच्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी आहेत आणि आजार पाच आठवडे चालू आहे, म्हणजे जेथे रक्त तयार होते त्या हाडांच्या मगजातच काही बिघडले आहे का, हे पाहायला हवे. विषाणुसंसर्गाने किंवा ब-१२ च्या कमतरतेनेही असे होऊ शकते; तरीही लंगडणे, फिकटपणा, परत परत येणारा ताप आणि दाबून न जाणारे ठिपके एकत्र दिसले की ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका आधी दूर करावी लागते. मुलांमध्ये हा आजार दोन ते पाच या वयात सर्वाधिक आढळतो.

आजच लॅबला सांगा की काचपट्टीवर पसरलेले रक्त पॅथॉलॉजिस्टने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. यंत्र पेशी मोजते, पण ब्लास्ट म्हणजे अपक्व पेशींना ते कधी कधी लिम्फोसाइट या साध्या पांढऱ्या पेशींमध्ये धरते. रक्तात ब्लास्ट दिसले नाहीत तरी मगजात ते असू शकतात.

मगजाची तपासणी होईपर्यंत त्या स्टिरॉइडच्या गोळ्या कृपा करून देऊ नका. स्टिरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी काही काळ मरतात, ताप जातो, मूल धावू लागते, घरच्यांना हायसे वाटते आणि निदान लांबते. तापासाठी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, कमरेत इंजेक्शनही नको. ताप पुन्हा चढला किंवा हिरड्यांतून रक्त आले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

सोनचाफा:
माझ्या मुलीच्या ल्युकेमियाचे निदान ती सहा वर्षांची असताना झाले. मगजाच्या तपासणीची मला फार धास्ती होती. तिला कुशीवर निजवून भूल दिली, कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मगज काढला आणि वर लहानशी पट्टी लावली. दोन दिवस ती पट्टी ती सगळ्यांना दाखवत होती. खरे अवघड होते ते अहवाल येईपर्यंतचे दिवस. पेशींचा नेमका प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीचा निकाल आला, जनुकांचा यायचा होता, आणि मी रोज रात्री तिला आजवर काय काय खाऊ घातले ते आठवत बसायची. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हा आजार आईबापांच्या चुकीने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. भावंडांना तिच्यापासून दूर ठेवू नका, फक्त कोणाला सर्दी-ताप असेल तेव्हा जपा.

निघताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्या, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी ती लागतात. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी तेथील समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीविषयी विचारा.

माळरान:
मोठ्यांमध्ये लक्षणे वेगळी असू शकतात. मला ताप नव्हता, फक्त पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा आणि दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटायचे. प्लीहा वाढली होती आणि पांढऱ्या पेशी १,८०,००० होत्या. माझा ल्युकेमिया दीर्घकालीन मायलॉइड प्रकारचा आहे आणि अकरा वर्षे मी रोज इमॅटिनिबची गोळी घेऊन शेती करतो. तुमच्या मुलाचे उपचार वेगळे असतील, पण ल्युकेमिया हा शब्द ऐकून खचू नका.

निशिगंध (बारा दिवसांनी):
काचपट्टीवर ब्लास्ट दिसले. त्याच रात्री आम्ही गाडीने मुंबईला निघालो. आता परळला टाटा रुग्णालयात आहोत. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी पेशींचा, असे निदान झाले. स्टिरॉइड आधी दिले होते का, हा तेथील डॉक्टरांचा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक होता. नाही असे सांगता आले, त्याबद्दल देवराई ताईंचे ऋण मानतो. मुलाला आजार कळत नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे केस कुठे गेले, असे तो विचारतो. काय सांगू?

सोनचाफा:
खरे सांगा. औषध वाईट पेशींना मारताना केसांनाही लागते, आणि औषध संपले की केस परत येतात, एवढे त्याला समजेल. केस गळू लागण्याआधीच ते बारीक कापून घ्या, म्हणजे सकाळी उशीवर पुंजके पाहून तो घाबरणार नाही. आम्ही कापलेली एक बट पाकिटात घालून तिच्याजवळच दिली होती.