कोल्हापूर शहर वेगळं मोजायला हवं होतं का? २०२१ च्या निर्बंधांची हद्द

महाद्वार रोड
जून २०२१ मधली राज्य सरकारची कोरोना निर्बंधांची पाच स्तरांची पद्धत आठवत असेल. पॉझिटिव्हिटी रेट (शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह) आणि भरलेले ऑक्सिजन बेड बघून प्रत्येक भागाचा स्तर ठरायचा. भाग कसे पाडले? २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका स्वतंत्र घटक: मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक वगैरे. बाकीच्यांसाठी अख्खा जिल्हा एक. कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं, म्हणून ७ जूनला आम्ही जिल्ह्याबरोबर चौथ्या स्तरात गेलो. किराणा, दूध, औषधं सोडून सगळ्यांची शटर बंद. सोलापूर शहर साडेनऊ लाखांवर होतं, या कसोटीत तेही बसत नव्हतं. साथ काय दहा लाख माणसं मोजून वागते? लहान शहरातल्या कापड दुकानदाराचं भाडं, कामगाराचा पगार, बँकेचा हप्ता मोठ्या शहरासारखाच थांबत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शहर वेगळं मोजायला हवं होतं, आणि पुढच्या वेळेसाठी हा नियम आताच बदलून घ्यायला हवा.

उचगावकर
शहर म्हणजे कुठवर, ते आधी सांगा. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि २०२१ पर्यंत हद्द एक इंचही वाढली नव्हती. पाचगाव, कळंबा, उचगाव इथे शहर कुठे संपतं हे घरं बघून कुणाला सांगता येणार नाही. तुमची मागणी मान्य झाली असती तर राजारामपुरीतलं कापड दुकान उघडं आणि शहराला लागून असलेली गांधीनगरची कापड पेठ बंद. गिऱ्हाईक तेच, केएमटीची बसही तीच. सकाळी गावातून शहरात कामाला येणाऱ्या बाईमुळे शहराचा आकडा वाढत नाही आणि संध्याकाळी ती परत गेली की गावाचा वाढतो, असा हिशोब होणार होता. हद्दवाढीला गावांचा विरोध आहे, त्यात मीही आहे. पण म्हणून आमच्या नावावर आजार आणि तुमच्या नावावर बाजार, हे चालणार नाही.

भुदरगड
शहरवाल्यांनी आदेश नीट वाचलेला दिसत नाही. चौथ्या स्तराची अट पॉझिटिव्हिटी १० ते २० टक्के *किंवा* ऑक्सिजन बेड ६० टक्क्यांवर भरलेले, अशी होती. जिल्ह्यातली मोठी रुग्णालयं कुठे आहेत? शहरात. गगनबावडा, शाहूवाडी, आमचा भुदरगड, कुठल्याही पेशंटला धाप लागली की शहरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालयच. शहर वेगळं काढलं असतं तर आमच्या माणसांनी भरलेले बेड तुमच्याच खात्यात पडले असते, आणि दुकानं तरीही बंद राहिली असती. की ते बेडही आमच्या खात्यात टाकायचे होते? माझ्या चुलत्यांना त्या महिन्यात बेडसाठी रात्रभर फिरवलं. तेव्हा शहर-गाव असा भेद आम्हाला परवडणारा नव्हता, आजही नाही.

महाद्वार रोड
चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. पण बेडचा मुद्दा मुंबई-पुण्यालाही लागू होतो. पालघरचा पेशंट मुंबईत जातोच, साताऱ्याचा पुण्यात जातोच. तरी त्या शहरांना वेगळं मोजलंच ना? अडचण सगळीकडे सारखी असताना सवलत मात्र मोठ्यांनाच, याला मी अन्याय म्हणतो. बेड जिल्ह्याचे म्हणून एकत्र मोजा, संसर्ग वेगळा मोजा. २५ जूनच्या आदेशानंतर तर पॉझिटिव्हिटी फक्त आरटीपीसीआरवर धरायची ठरली. कोणत्या तालुक्यात किती आणि कुणाच्या टेस्ट होतात, यावर सगळ्या जिल्ह्याची शटर अवलंबून राहिली.

लक्ष्मी रोड
पुण्याचा हेवा करू नका. जूनमध्ये आम्ही स्वतंत्र घटक होतो, खरं आहे. २ ऑगस्टच्या आदेशात सवलत न मिळालेल्या ११ जिल्ह्यांची यादी आली, त्यात पुणे जिल्हा अख्खा. व्यापारी रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे ९ ऑगस्टपासून रात्री आठपर्यंत दुकानं उघडी ठेवायला मिळाली. कोल्हापूर-सांगलीही त्याच यादीत होते, आणि तिथल्या दुकानांतून तर पुराचा गाळही पुरता निघाला नव्हता.

ओडबी, लेस्टर
इकडचा अनुभव सांगते. २९ जून २०२० ला लेस्टरवर इंग्लंडमधलं पहिलं स्थानिक लॉकडाऊन लागलं. तेव्हा हद्द पालिकेची धरली नाही. शहराला चिकटलेली बर्स्टल, ग्लेनफील्डसारखी उपनगरं आत घेऊन नकाशाच जाहीर केला. ४ जुलैला देशभर पब-हॉटेलं उघडली, आमच्याकडे बंद. १८ जुलैला हद्द आखडली, बरीच उपनगरं सुटली. ओडबी आणि विग्स्टनची काउन्सिल शहरापासून वेगळी, तरी आम्ही आतच राहिलो. तक्रारी इथेही भरपूर झाल्या, पण रेषा कुठून जाते हे रस्त्यागणिक कळत होतं आणि दोन-तीन आठवड्यांत ती बदलता येते हेही दिसलं. दहा लाखांचा आकडा तसा हलवता आला नसता.

चंदगड
तुम्ही सगळे करवीरभोवतीच फिरताय. आम्हाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. बाजार आणि दवाखाना बेळगाव. कर्नाटकाने हद्दीवर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागितला की ती वाट अडली, आणि इकडे कोल्हापूर-इचलकरंजीच्या आकड्यांमुळे आमची गावातली दुकानंही बंद. दोन्हीकडून मार. वेगळं मोजायचं तर तालुके मोजा, फक्त शहर का?

महाद्वार रोड
तालुक्याचं मला पटतं. शहरासाठी माझा प्रस्ताव असा: २०१७ मध्ये शहराभोवतालच्या गावांसाठी झालेल्या विकास प्राधिकरणात ४२ गावं आहेत, शहर आणि ती गावं मिळून एक घटक करा. बाकी तालुकावार, बेड जिल्ह्याचे.

उचगावकर
साथीपुरतं असेल आणि हद्दवाढीचं मागचं दार नसेल, तर मी विरोध करणार नाही. पण तुमच्या व्यापारी संघटनेने ते तसं लेखी मांडावं. २०२१ मध्ये निवेदनं गेली ती फक्त शहराचं नाव घेऊन गेली, आमच्या पेठेला कुणी विचारलंही नव्हतं.