खणाला लागलेला गंज आणि तुमची पहिली लांब रेस (अनुभव धागा)

गोदाकाठची
उद्या पाडवा म्हणून गुढीचं सामान काढायला ट्रंक उघडली. कलश, दोरी आणि सासूबाईंचा जरीकाठी खण. खण उलगडला तर आत माझा बिब, रेसला छातीवर लावतात तो नंबरचा कागद! चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना, चारही गंजलेल्या, आणि खणावर चार तांबडे डाग. मीच ठेवला असणार, चुरगळू नये म्हणून. तेव्हा खणापेक्षा तोच मोलाचा वाटला असेल.

२०१५ चा फाल्गुन. सिंहस्थाचं वर्ष, जिकडे तिकडे रस्त्यांची कामं. २१ किलोमीटर, गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जाऊन परत. आम्हाला बोलावलं पाचला, पाहुणे आले पावणेसातला. मग भाषणं, झेंडा, सुटलो सात दहाला. फाल्गुनात एवढा उशीर म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. पहाटे स्वेटर लागतो आणि नऊला डांबर तापतं. त्यात जाताना चढ. दिसत नाही, पण धरणाकडे जाताय म्हणजे गोदावरीच्या उलट दिशेने चाललाय, हे पोटऱ्यांना बरोबर कळतं.

परतीला चौदाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं, पाणी नव्हतं. रिकामे बॉक्स आणि एक पोरगा. म्हणाला, "मावशी, पुढे आहे." पुढेही नव्हतं. माझ्या मागे फक्त ॲम्ब्युलन्स, माझ्याच चालीने पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी विचारायचा, "बसता का?" तेवढ्यात द्राक्षांच्या क्रेटचा टेंपो शेजारी आला. आतल्या दादांनी एक घड खिडकीबाहेर धरला, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि म्हणाले, "फवारणी असते ताई, धुवून दिलाय." अहो, मला ते पाणी हवं होतं! रस्त्यावर सांडताना नुसती बघत राहिले. पण ती द्राक्षं! उन्हाने कोमट झालेली, सालीला किंचित तुरट. तशी परत कधी लागली नाहीत.

पोचले तेव्हा साडेदहा. शेवटची ती फुगवलेली कमान असते ना, तिची हवा काढून दोघं जण घडी घालत होते. पाय उचलून तिच्यावरूनच पलीकडे गेले. मेडलं संपली होती. म्हणून बिब जपला.

तुमचं सांगा. पळालेले, चाललेले, ॲम्ब्युलन्समध्ये बसलेले, सगळे चालतील.

सातपूरकर
पाणी संपणे +१. मी सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी, चारला उठून रेसला. आदल्या दिवशी बिबबरोबर मिळालेला नवा कोरा कॉटनचा टीशर्ट हौसेने घातला. रेसच्या दिवशी नवीन काही घालायचं नसतं, मोजेसुद्धा, हे नंतर कळलं. घामाने कापड जड झालं आणि २१ किलोमीटर छातीला घासत राहिलं. घरी पोचलो तर आई दारात. "अरे, रंगपंचमी झाली ना परवाच?" पांढऱ्या टीशर्टवर बरोबर दोन लाल ठिपके. अंघोळीचं पाणी अंगावर घेतलं तेव्हाचं ओरडणं चौथ्या मजल्यापर्यंत गेलं. तेव्हापासून व्हॅसलिन. पुरुष मंडळी, लाजू नका, थापून लावा.

तिखटजाळ
हसून हसून पुरेवाट!! त्यापेक्षा आमच्या इथल्या रहाडीत, रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उडी मारायचीस. सगळेच रंगलेले, कुणी विचारलं नसतं.

मखमलाबादची_सून
मी कधी पळाले नाही, पण सिंहस्थाचे रस्ते वाचून हसले. पुढचा सिंहस्थ आला, आमच्याकडे अजून खोदलेलंच आहे. बसस्टॉपपर्यंत जाणं हीच रेस.
गोदाकाठची, डागाला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेव. गंज जातो.

बेचाळीसवाला
एकदाच ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन केली. पुन्हा नाही. लोक विचारतात वॉल लागते म्हणजे काय. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीसएक किलोमीटर पुरते. वाटेत काही खाल्लं नाही तर त्यानंतर शरीर हात वर करतं. मी ऐटीत काही खाल्लं नव्हतं. "मला सवय आहे उपाशी पळायची", वगैरे. बत्तिसाव्याला एका करंजाखाली बसलो आणि पुरणपोळी आठवून चक्क रडलो. होळीला आईने आग्रह केला होता आणि मी "टेपर चालू आहे, रेसआधी पळणं कमी केलंय, वजन वाढेल" म्हणून एकच खाल्ली होती. उसाचा रसवाला दिसला. दोन ग्लास प्यायलो आणि उरलेलं चालत संपवलं. खिशात पैसे नव्हते, नंतर गाडीवर जाऊन दिले. तो म्हणाला, "तुमच्यासारखे अजून तिघं देऊन गेले."

तिखटजाळ
बाय द वे, रेसनंतर मिसळ कुठे खाता मंडळी? पापड आणि दही वेगळं मागावं लागत नाही अशी जागा सांगा.

सातपूरकर
@तिखटजाळ काळ्या मसाल्याची हवी की लाल? आधी पक्ष सांग.

फिजिओ_काकू
अशा बऱ्याच रेसला मेडिकल टेंटमध्ये बसलेय, म्हणून थोडं आगाऊपणे लिहिते. आमच्याकडे सगळ्यात जास्त पेशंट कमान ओलांडल्यावर दहा पावलांत येतात. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. तुम्ही सेल्फीसाठी खटकन थांबता, रक्त पायातच राहतं आणि माणूस आडवा. पाय वर करून झोपवलं की बहुतेक जण पाच मिनिटांत "माझं मेडल कुठंय" विचारतात. म्हणून थांबू नका, चालत राहा.

दुसरं, नुसतं पाणी ढोसू नका. एकदा एक ताई अडखळत आल्या, बोलणं तुटक, बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली. सगळ्यांना वाटलं पाणी कमी पडलं. आम्ही विचारलं तर प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पोटात गेलेले. रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. त्यांना आणखी पाणी पाजलं असतं तर अवघड होतं. तहान लागेल तेवढंच प्या, सोबत मीठ-साखर घ्या.

आणि मखमलाबादची, लिंबू-मीठ सुती कापडाला. रेशमाला नको गं, आणि जरीला तर मुळीच नको, काळी पडते!

हरसूलवाला
कविता राऊत यांचं गाव सावरपाडा आमच्याच भागातलं. २०१० ला त्यांनी दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य आणलं. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी शाळेतल्या सगळ्या मुलींना रस्त्यावर पळायला लावलं आणि आम्हा मुलांना हंडे दिले, म्हणाले आज पाणी तुम्ही भरा. माझी धाकटी बहीण पहिली आली. बक्षीस स्टीलचा डबा. अजून घरात आहे, नागलीचं पीठ असतं त्यात.

पुढे तिला नाशिकला रेसला आणली. एका ओळखीच्यांनी बूट दिले. चार किलोमीटरवर काढून हातात घेतले आणि तशीच पळाली. का गं विचारलं तर म्हणे, पायाला जमीन कळंना. आता दोन लेकरं आहेत तिला. पळते अजून, पण एसटीमागे.

गोदाकाठची
@हरसूलवाला शेवटचं वाक्य वाचून काय लिहावं कळेना. त्यांना माझा नमस्कार सांगा. डब्याचा फोटो टाका जमलं तर.

निशिगंध
गंगापूर रोडला पहाटे कुत्र्यांचं सध्या काय? साडेपाचला एकटीने जायचंय. मागच्या वर्षी दोघांनी अर्धा किलोमीटर सोबत केली, माझा आयुष्यातला सर्वात फास्ट किलोमीटर तोच.

सातपूरकर
@निशिगंध पळू नका, थांबा. थांबलं की त्यांचा रस जातो. हे सांगायला सोपं आहे, मी स्वतः रिक्षावर चढलो होतो.

परदेशी_पाहुणी
मी फ्रेमिंगहॅमला राहते, बॉस्टन मॅरेथॉनचा रस्ता आमच्या गावातूनच जातो. एप्रिलचा तिसरा सोमवार, इथे सुट्टी असते. २०१८ ला आई नाशिकहून आली होती. मी तिला "वसंतातली शर्यत, मजा असते" सांगून नेलं. पाऊस, समोरून वारा, तीन-चार डिग्री. वसंत कसला! आई दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी. उघड्या पायांचे लोक बघून पुटपुटत होती, "यांच्या आया कुठे आहेत?" थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला होता. मी म्हटलं, अगं, कुणी अनोळखी माणसाकडून घेणार नाही. तेवढ्यात एक बाई थांबली, दोन्ही हातांनी कप धरला, प्यायली, आईच्या गालाला गाल लावला आणि गेली. आईची शाल ओली. दिवसभर तेच सांगत होती सगळ्यांना फोनवर.

त्या वर्षी पुरुषांत जपानचा युकी कावाउची जिंकला, शाळेच्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी करणारा सरकारी कर्मचारी. सातपूरकर, तुमचाच भाईबंद. सुट्टीच्या दिवशी पळणारा.

सातपूरकर
@परदेशी_पाहुणी त्याला सेकंड शिफ्ट लावा एकदा, मग बघू.

तिखटजाळ
लाल. (पक्ष.)

मखमलाबादची_सून
काकू, बरं झालं सांगितलंत, मी स्वतःच्या पैठणीवर करणार होते. गोदाकाठची, केलं नाहीस ना?

बेचाळीसवाला
गोदाकाठची, मेडल नाही मिळालं ना, मग उद्या गाठीबरोबर बिबच बांधा गुढीला.

गोदाकाठची
सगळ्यांचं वाचतेय, सकाळपासून पुरण आणि पाहुणे. लिंबू लावलं नाही. बिबची आयडिया सासूबाईंना सांगितली. त्यांनी चष्मा लावून आधी डाग बघितले, मग नंबर वाचला. "एवढं लांब गेली होतीस? मला तर देवळात जाते म्हणालीस." (म्हणाले होते. सोमेश्वर वाटेतच लागतं.) बिब काही बांधू दिला नाही. खण मात्र तोच लावला, डागांची बाजू आत घेऊन निऱ्या त्यांनीच घातल्या, आणि पिना डब्यात टाकायच्या आधी माझ्यासमोर मोजल्या, चारही आल्या का म्हणून.

आता गुढी उतरवायचीय. काळ्या मसाल्यावाल्यांनो, भांडण चालू ठेवा, आलेच.