विषय: दोह्याचं विमान अर्ध्यातून परत का आणलं?

मृणाल, मँचेस्टर:

नमस्कार मंडळी,
आई-बाबा सोमवारी रात्री, म्हणजे २३ जून २०२५ ला, मुंबईहून कतारमधल्या दोह्याला निघाले होते, तिथून पुढे इकडे येणार होते. अरबी समुद्रावर असताना बाबांना समोरच्या स्क्रीनवर दिसलं की विमानाचं तोंड परत मुंबईकडे फिरलंय, अनाउन्समेंट त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली. रात्री मुंबईत उतरले, बॅगा मिळेपर्यंत पहाट झाली, मग कॅब करून एक्सप्रेसवेने पुणे. आता कर्वेनगरला घरी आहेत, सुखरूप आहेत, पण आईच्या बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत राहिल्या होत्या त्यामुळे ती फार घाबरली होती. मला एवढंच समजून घ्यायचंय की मस्कत इतकं जवळ असताना तिथे का नाही उतरवलं? आणि इराणच्या हल्ल्यामुळे बंद केलेलं आकाश कतारने त्याच रात्री परत उघडलं, मग थोडं वरच घिरट्या घालत थांबले असते तर? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे म्हणतायत की एअरलाईनने पैसे वाचवले. श्रीकांतकाका, तुम्ही एअरलाईनच्या डिस्पॅचला, म्हणजे विमानांचा मार्ग नि इंधन ठरवणाऱ्या विभागात होतात, तुम्हीच सांगा.

श्रीकांतकाका, पुणे:

मृणाल, दोघं घरी पोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. जरा सविस्तर लिहितो, कारण हे पैसे वाचवायचं प्रकरण नाहीये आणि लोकांना तसं वाटतं याचं मला वाईट वाटतं. त्या रात्री डिस्पॅचच्या डेस्कवर बसलेल्या पोरापोरींची काय धावपळ झाली असेल ते मी समजू शकतो.

विमान निघण्याआधी डिस्पॅचर फ्लाइट प्लॅन काढतो. त्यात दोह्यापर्यंतचं इंधन, वर थोडं वाऱ्यासाठी आणि रांगेत थांबावं लागलं तर म्हणून, मग दोह्याला उतरता नाही आलं तर ऑल्टरनेट एअरपोर्टपर्यंतचं, आणि सगळ्यात शेवटी अर्ध्या तासाचं फायनल रिझर्व्ह. या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लागणार असं दिसलं की पायलटने मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, द्यायचा असा नियमच आहे. आता दोह्याचा ऑल्टरनेट कुठला असणार, तर शेजारचाच, बहरीन, दम्माम, दुबई असा एखादा. धुकं पडलं, धावपट्टीवर एखादं विमान अडकलं, तर एवढं पुरतं. पण इराणने कतारमधल्या अल उदैदच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली त्या रात्री नुसतं कतार बंद झालं नाही, बहरीन, कुवेत आणि अमिरातीनेही आकाश बंद केलं. म्हणजे जायचं ठिकाणही गेलं आणि बऱ्याच विमानांचा ऑल्टरनेटही गेला. अशा वेळी हातात असलेल्या इंधनात नक्की कुठे पोचता येईल एवढा एकच प्रश्न उरतो, आणि तो दर मिनिटाला बदलतो कारण विमान तोपर्यंत पुढे पुढे चाललेलंच असतं.

मस्कत उघडं होतं, खरंय, पण ते आखाताकडे निघालेल्या प्रत्येक विमानाला दिसत होतं ना. एकट्या कतार एअरवेजची ९० च्या वर विमानं आणि २० हजारांवर प्रवासी त्या रात्री दुसरीकडे वळवावे लागले, सौदी, तुर्कस्तान, ओमान, आणि काही तर आपल्याकडे भारतातही. एवढी विमानं एकदम आली की आधी पार्किंग बे संपतात, मग शिड्या, मग इंधनाचे टँकर, मग ग्राउंड हँडलिंगची माणसं. शिवाय क्रूच्या ड्यूटीचे तास ठरलेले असतात, ते संपले की आकाश उघडलं तरी ती माणसं विमान उडवू शकत नाहीत, आणि दुसरा क्रू तिथे असतोच असं नाही. मग विमान मस्कतला उभं, प्रवासी टर्मिनलच्या फरशीवर, बहुतेकांकडे व्हिसा नाही म्हणून हॉटेलमध्ये पाठवायचं तरी विचारून विचारून, आणि तुझी आई गोळ्यांशिवाय तिथे बसलेली. मुंबईत स्वतःचे इंजिनिअर, स्टँडबाय क्रू, आणि मुख्य म्हणजे माणसं आपल्या घरी जाऊ शकतात. माझ्या मते त्या रात्री परत आणणं हाच सगळ्यात चांगला निर्णय होता.

आता घिरट्यांचं. आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये डागडुजीसाठी १६ ते २९ बंद होती, सगळ्यांना तारखा आधीच माहीत होत्या, वेळापत्रकं त्याप्रमाणे लावली. हल्ल्याच्या वेळी तसं नसतं. आकाश बंद झाल्याची नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, येते, त्यावर शेवटची वेळ लिहिलेली असली तरी ती कितीही पुढे ढकलली जाऊ शकते. कतारने काही तासांत उघडलं, पण बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने बंद केलेलं आकाश पूर्ण उघडायला १६ जुलै उजाडला. पहिल्या तासात दोन्ही अगदी सारखीच दिसतात. घिरट्या घालून इंधन जाळलं आणि नाही उघडलं तर परतीचंही इंधन राहत नाही, आणि मग खरोखरच मिळेल तिथे उतरावं लागतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर मलेशियाचं एमएच१७ पाडलं गेलं तेव्हा खालचं आकाश ३२ हजार फुटांपर्यंत बंद होतं आणि ते विमान ३३ हजारांवर होतं, म्हणजे कागदोपत्री सगळं बरोबर. २९८ माणसं गेली. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून निघालेलं युक्रेनचं विमान पाडलं, तिथे तर आकाश बंदच केलं नव्हतं, १७६ गेली. ही दोन्ही ज्याच्या डोक्यात आहेत असा कुठलाही डिस्पॅचर क्षेपणास्त्राच्या बातमीवर "थोडं थांबून बघू" म्हणणार नाही.

अनाउन्समेंट उशिरा झाली हे मात्र मला अजिबात पटलं नाही. समुद्रावर नेहमीचा रेडिओ पोचत नाही, डेटा मेसेज आणि एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर काम चालतं, नवीन मार्गाची परवानगी, इंधनाचा हिशोब, कॉकपिटमध्ये कामाचा डोंगर असतो हे मान्य. तरी केबिन क्रूने दोन वाक्यं सांगायला पाहिजे होती, की आपण परत जातोय, विमानात बिघाड नाही, पुढचं आकाश बंद झालंय. वयस्कर माणसं एकटी प्रवास करतात, त्यांच्या जिवाला काय वाटत असेल.

सचिन, लीड्स:

काका, मस्त समजावलंत, पण एक शंका. मग परतच आणायचं तर १३ जूनला एअर इंडियाची काही विमानं व्हिएन्ना, जेद्दाला कशी काय उतरली? आणि मृणालच्या आईबाबांना नुकसानभरपाई मिळेल का?

श्रीकांतकाका, पुणे:

सचिन, तो दिवस बघ, एकाच एअरलाईनचं एकाच सकाळचं उदाहरण आहे. इराणचं आकाश बंद झालं तेव्हा मुंबईहून लंडनला आणि न्यूयॉर्कला निघालेली विमानं मुंबईला परत आली, कारण घर अजून मागे जवळच होतं. पण लंडनहून मुंबईला येणारं व्हिएन्नाला उतरवलं, न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं जेद्दाला, न्यूयॉर्कहून दिल्लीचं शारजाला. ती इतकी पुढे आली होती की परत जाणं शक्यच नव्हतं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हाही हेच झालं, युरोपातून तिकडे निघालेल्यांपैकी अटलांटिकच्या निम्म्या अलीकडे असलेली बरीचशी युरोपात परतली आणि पुढे गेलेली कॅनडात. एकट्या गँडर या कॅनडातल्या गावी ३८ विमानं, साडेसहा हजारांवर माणसं, आणि ते गाव जेमतेम दहा हजारांचं. तिथल्या लोकांनी शाळा उघडल्या, घरं उघडली.

भरपाईचं म्हणशील तर ब्रिटनचा नियम या तिकिटाला लागत नाही, कारण प्रवास भारतातून सुरू झालाय आणि एअरलाईन ब्रिटिश किंवा युरोपियन नाही. आकाश बंद होणं एअरलाईनच्या हातात नसतं म्हणून रोख भरपाई मागून उपयोग नाही, पण पूर्ण रिफंड किंवा दुसऱ्या फ्लाइटवर जागा नक्की मागा. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर युद्धाचं कलम आधी वाच, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

मृणाल, नवीन तिकीट काढताना दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घे, वेगवेगळे घेतलेस तर पहिला टप्पा चुकल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. आईच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. तारीख ठरली की मला कळव, निघायच्या दिवशी दुपारी मी नोटाम बघून तुला फोन करतो.