वस्तीवरील घराच्या संरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

प्रश्न – बागाईतदार_निफाड

नमस्कार. आमचे घर निफाड तालुक्यात, गावापासून सुमारे दोन किलोमीटर आत, द्राक्षबागेतच आहे. रात्री घरात आम्ही पती-पत्नी, आई आणि अकरा वर्षांचा मुलगा एवढेच असतो. वडिलांची बारा बोरची दुनळी बंदूक त्यांच्या सत्तरीनंतर रीतसर माझ्या नावावर झाली असून ती मी अनेक वर्षे हाताळत आहे. मात्र रात्री अंधाऱ्या व्हरांड्यात किंवा जिन्यात एवढी लांब नळी वळवणे किती अवघड असते, हे मागच्या हिवाळ्यात कुत्रे भुंकू लागल्यावर मी स्वतः अनुभवले. सुदैवाने त्या वेळी बाहेर कोणीही नव्हते. त्यानंतर दुसऱ्या शस्त्रासाठी अर्ज केला आणि आता .३२ बोरच्या (बोर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) शस्त्रास मंजुरी मिळण्याच्या बेतात आहे.

शस्त्रविक्रेता पिस्तूल घ्या म्हणतो, कारण ते चपटे असते आणि त्यात गोळ्या जास्त बसतात. आमचे मामा रिव्हॉल्व्हरशिवाय दुसरे काही ऐकून घेत नाहीत. मी कमरेला शस्त्र लावून हिंडणार नाही. ते घरातच राहील. वर्षातून फार तर दोन-तीनदा सरावाला जाणे जमेल. वेळ पडली तर पत्नीलाही ते चालवता यावे, अशी इच्छा आहे. या परिस्थितीत आपण काय निवडाल आणि का?

उत्तर १ – निवृत्त_सुभेदार

बागाईतदार साहेब, नोकरीत माझ्या कमरेला बहुतेक वर्षे ९ मिलिमीटरचे पिस्तूल होते आणि त्या शस्त्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तरीही निवृत्तीनंतर घरासाठी मी .३२ चे रिव्हॉल्व्हरच घेतले. (९ मिलिमीटर हा नागरिकांसाठी निषिद्ध बोर असल्यामुळे तो प्रश्न तसाही उद्भवत नव्हता.)

फौजेत पिस्तूल भरवशाचे ठरते, कारण ते दररोज हातात असते, दररोज साफ होते आणि "खाली कर", "जाँच शस्त्र" या हुकुमांची सवय झोपेतसुद्धा सुटत नाही. तेच पिस्तूल सात महिने कपाटात पडून राहिले आणि एका रात्री दोन वाजता ते दचकून उठलेल्या माणसाच्या हाती आले, तर त्याच्या मनात एकाच वेळी चार प्रश्न उभे राहतात: मॅगझीन (गोळ्यांची पेटी) नीट बसली आहे का, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) गोळी आहे का, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) वर आहे की खाली, स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची आहे की ओढून ठेवलेली आहे? रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांची फिरती चक्री उघडली की सहाच्या सहा घरे डोळ्यांसमोर असतात. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चक्री फिरते आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर (काडतुसावर आदळणाऱ्या भागासमोर) येते. पिस्तुलात तेच घडले किंवा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये अडकली, तर दोन्ही हातांनी स्लाइड मागे ओढून ते मोकळे करावे लागते. त्यासाठीचा सराव वर्षातून तीन वेळा जाऊन होत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी विक्रेत्याने सांगितलेली दिसत नाही. कानपूरच्या आयुध कारखान्याचे जुने .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि २०१४ साली आलेले 'निर्भीक' ही दोन्ही वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या धर्तीची, म्हणजे वरून मोडणारी आहेत. दुनळी जशी मोडून आपण नळ्या पाहता, तशीच ही उघडतात आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात. आपल्या हातांना ती क्रिया वर्षानुवर्षांची पाठ आहे. २०२३ मधील 'प्रबल' या रिव्हॉल्व्हरची चक्री मात्र बाजूला उघडते; ते शस्त्र चांगले असले, तरी ती सवय नव्याने लावून घ्यावी लागेल.

एक सावधगिरीही सांगतो. चक्री आणि नळी यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यातून बार उडताना तप्त वायू बाहेर पडतात. दुसऱ्या हाताची बोटे तिथे कधीही नेऊ नयेत. पिस्तुलाची सवय असलेले लोक हीच चूक सर्वांत आधी करतात.

उत्तर २ – पंचवीस_मीटर

सुभेदार साहेबांचा आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. मी पुण्यात गेली बारा वर्षे नेमबाजी करतो आणि नव्या लोकांना रिव्हॉल्व्हर हाती देताना जे दिसते, तेच येथे लिहितो.

रिव्हॉल्व्हर "सोपे" आहे हे ते भरण्यापुरते आणि रिकामे करण्यापुरते खरे आहे. ते नेमके चालवणे सोपे नाही. घोडा आधी न चढवता केवळ चाप ओढून बार करायचा असेल, तर त्या लांब ओढीला साधारण चार ते पाच किलो जोर लागतो. नवख्या माणसाचा संपूर्ण पंजा त्या वेळी आवळला जातो, नळीचे टोक खाली झुकते आणि सहा-सात मीटरवरचे लक्ष्यसुद्धा चुकते. घोडा अंगठ्याने चढवला तर ओढ हलकी होते, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात घोडा चढवलेले रिव्हॉल्व्हर ही मला सर्वांत धोकादायक स्थिती वाटते, कारण नंतर बार न करता घोडा उतरवताना बोट निसटण्याची शक्यता असते. पिस्तुलाचा चाप बहुधा आखूड आणि हलका असतो आणि ते हातात सपाट बसते, त्यामुळे थोड्या सरावातही नेम लवकर सुधारतो.

गोळ्यांची संख्या जास्त, हा विक्रेत्याचा मुद्दा मात्र मी फारसा मोजत नाही. .३२ च्या पिस्तुलात सहापेक्षा एखाद-दुसरी गोळी अधिक बसेल, एवढ्याने घरात फरक पडत नाही. ताकदीचा वादही व्यर्थ आहे. रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग हे काडतूस १८९६ चे आणि पिस्तुलाचे .३२ हे शस्त्रनिर्माते जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये आणलेले. दोन्ही आजच्या मापाने सौम्यच आहेत आणि एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरायचे नसते. दोन्हींमध्ये गोळी कुठे लागते यालाच महत्त्व आहे. ते सरावावरच ठरते, म्हणून मी नेमाकडे अधिक पाहतो.

तरीही वर्षातून दोन-तीनदाच जमणार असेल, तर माझा पिस्तुलाचा आग्रह मी सोडतो. महिन्यातून एकदा तरी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) या, मग पुन्हा बोलू. आणि पिस्तूल घेतलेच, तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला घोटून शिकवा: मॅगझीन काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नव्हे. चेंबरमधली गोळी आतच राहते, आणि "मॅगझीन काढली होती" हे वाक्य मी अपघातानंतर एकदा ऐकलेले आहे.

उत्तर ३ – वकील_नाशिक

शस्त्र कोणते घ्यावे, यावर माझे मत नाही. परंतु प्रश्नातील एका वाक्याने मला थांबवले. "पत्नीलाही चालवता यावे" ही इच्छा समजण्याजोगी आहे, मात्र परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. त्यांना शस्त्र वापरता यावे असे वाटत असेल, तर त्यांच्या नावाने स्वतंत्र अर्ज करावा आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही त्यांनी स्वतः घ्यावे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. आपली दुनळी आणि हे नवे शस्त्र मिळून आपली मर्यादा पूर्ण होते. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. मंजुरीपत्रात शस्त्राचा प्रकार कसा नोंदवला आहे, तेही खरेदीपूर्वी नीट वाचा. नंतर बदल करून घेण्यात अनेक महिने जातात.

आता वापराविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी बचावाच्या अधिकारासंबंधी आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी कलम ४१ मध्ये येते, आणि अशा प्रसंगी हा अधिकार प्राणघातक बळापर्यंत जाऊ शकतो. परंतु कलम ३७ ची मर्यादा त्यावर कायम राहते, म्हणजे बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा. शिवाय असा अधिकार घरफोडीतून सुरू झालेले गृहअतिक्रमण चालू असेपर्यंतच टिकतो. बांध ओलांडून पळणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घातली, तर तिला न्यायालयात बचाव म्हणणे फार कठीण जाईल.

आपल्या भागात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून हेही लिहितो: बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतील, प्राणी आहे. हे शस्त्र त्याच्यासाठी नाही.

उत्तर ४ – मळ्यातली_सून

मी सिन्नरकडे मळ्यात राहते आणि आमच्या घरी परवाना माझ्या नावावर आहे, म्हणून लिहिते. दुकानात मी दोन्ही हातांत घेऊन पाहिली. पिस्तुलाची स्लाइड मला पहिल्या दोन प्रयत्नांत पूर्ण मागे ओढता आली नाही, आणि ती अर्धवट ओढली की गोळी अडकते असे दुकानदारानेच सांगितले. रिव्हॉल्व्हरचा चापही जड लागला, हे पंचवीस_मीटर यांचे म्हणणे खरे आहे; पण जड चाप ओढण्याची ताकद मी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर रोज दहा मिनिटे सराव करून कमावली. तो सराव करताना काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवते, हे सांगायला नको. तेव्हा ताईंना आपल्यासोबत दुकानात घेऊन जा आणि निर्णय त्यांच्या हातांवर सोडा.

कपाटाचाही विचार करावा. आमच्याकडे शस्त्र भिंतीत बसवलेल्या छोट्या तिजोरीत असते, कारण जिथे मूल आहे तिथे उशीखाली किंवा धान्याच्या कोठीमागे ठेवलेले शस्त्र कधी ना कधी त्याला सापडतेच. आणि निवडणूक आली, की आमच्या ठाण्यात बहुतेक परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. मागच्या वेळी आमचे दोन महिने तिकडेच होते. चोरांना आचारसंहिता नसते. त्या काळात आमचा आधार होता तो अंगणातला मोठा दिवा, लोखंडी जाळीचा दरवाजा आणि दोन कुत्री.

बागाईतदार_निफाड

सर्वांचे मनापासून आभार. दुनळी मोडण्याची सवय उपयोगी पडेल, हे सुभेदार साहेबांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते. काल पत्नीसह दुकानात जाऊन आलो. तिने स्लाइड ओढून पाहिली, रिव्हॉल्व्हर उघडून पाहिले, आणि ते उघडल्यावर तिने स्वतःहून विचारले, "हे आपल्या बंदुकीसारखंच आहे की!" मंजुरी हाती आली, की वरून मोडणारे .३२ रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले आहे. परवान्यासाठी तिचा अर्ज पुढच्या आठवड्यात देणार आहोत. तिजोरीसाठी भिंत फोडायला गवंडी उद्या येत आहे, आणि पंचवीस_मीटर यांनी रेंजवर येण्याचा वार तेवढा कळवावा.