जावरची खाण चांदीची की जस्ताची? भूशास्त्र आणि शोधाचा इतिहास

अरवलीचा_वाटसरू:

नमस्कार. डिसेंबरमध्ये उदयपूरला गेलो असताना तिथून दक्षिणेकडे सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या जावर या गावी एक दिवस मुद्दाम काढला. टीडी नदीच्या काठाने चालताना एका जुन्या घराची भिंत दिसली. ती विटांची किंवा दगडांची नव्हती. भाजलेल्या मातीच्या, वीतभराहून थोड्या लांब अशा पोकळ नळकांड्या एकावर एक आडव्या रचून ती उभी केली होती. नळकांड्यांच्या बाहेरच्या अंगावर काचेसारखा चकचकीत थर जमलेला होता, आणि त्यांच्या तोंडांतून आत पाहिले तर राखाडी, दाणेदार चोथा घट्ट बसलेला दिसत होता. आजूबाजूच्या टेकाडांतही असल्याच नळ्यांचा खच पडलेला आहे. सोबतच्या स्थानिक गृहस्थांनी ही मेवाडच्या राणा लाखाच्या काळातली चांदीची खाण असल्याचे सांगितले. परत आल्यावर वाचायला घेतले, तर बहुतेक ठिकाणी जावरचे नाव जस्तासाठी घेतलेले आढळले.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही खाण मुळात चांदीची की जस्ताची? आणि डोंगरावर कुठेही चांदी दिसत नसताना, नेमके इथेच खोदायचे हे जुन्या लोकांना कसे कळले असेल?

निवृत्त_खाणवाला:

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खाणींत मी अकरा वर्षे भूशास्त्रज्ञ म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

चांदीची खाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खडकातून धावणारी पांढरी शीर येते. जावरला तसे काही नाही. तिथली चांदी गॅलेना या शिशाच्या खनिजात आणि त्याच्याबरोबर वाढलेल्या इतर सूक्ष्म खनिजांत अडकलेली आहे. हाताने फोडलेला गॅलेनाचा तुकडा उन्हात धरला, तर त्याचे चौकोनी पैलू आरशासारखे चमकतात. पण ती चमक शिशाची असते, त्यातली चांदी डोळ्यांना दिसत नाही. गॅलेनाच्या शेजारीच स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचे खनिज, तपकिरी किंवा मधाच्या रंगाचे असते आणि पायराइट, म्हणजे लोखंड व गंधकाचे खनिज, हेही असते. तेव्हा चांदी, शिसे आणि जस्त ही तिन्ही एकाच खडकातली भावंडे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे.

हा खडक डोलोमाइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा, आहे. अरवलीच्या प्राचीन समुद्रात गाळ साचत असताना तो तयार झाला आणि त्याच्या सोबतीला कार्बनयुक्त फिलाइट व क्वार्टझाइट हे चिखल व वाळूपासून बनलेले रूपांतरित खडक आहेत. शिशाच्या समस्थानिकांवरून या खनिजाचे वय सुमारे 170 कोटी वर्षे निघते. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई या टेकड्यांत ते सापडते. (मगरा म्हणजे मेवाडी बोलीत डोंगर.) पुढे या थरांना जबरदस्त घड्या पडल्या. तरीही राजस्थानातल्याच राजपुरा-दरिबा किंवा रामपुरा-आगुचा या खाणींतले खडक जितके तापले, भाजले गेले, तितके जावरचे गेले नाहीत, म्हणून मूळ गाळाची सूक्ष्म रचना इथे अजून वाचता येते. माझ्या मते जावरचे खरे भूशास्त्रीय मोल यातच आहे.

नेमके इथेच का खोदले, याचे उत्तर खडकाच्या गंजात आहे. लोहयुक्त सल्फाइड खनिजे पृष्ठभागावर आली की हवापाण्याने कुजतात आणि तिथे लालसर-तपकिरी, सच्छिद्र टोपी तयार होते, तिला गॉसन म्हणतात. करड्या डोलोमाइटच्या डोंगरावर असा पट्टा दुरूनही नजरेत भरतो. त्याच्याखाली थोडे खणले की जड, चमकता गॅलेना हाती लागतो, आणि तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याचे वजनच पुरेसे बोलके असते.

मूस_आणि_भाता:

काकांनी खडकाचे सांगितले आहे, मी भट्टीचे सांगते.

आपण पाहिलेल्या नळ्या या जस्त गाळण्याच्या मुशी आहेत. त्यांचा आकार वांग्यासारखा, आणि रसशास्त्रावरच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात जस्ताच्या संदर्भात 'वृंताक मूषा' हाच शब्द येतो. वृंताक म्हणजे वांगे. जावरच्या टेकाडांत ते वर्णन तसेच्या तसे हाताला लागते, हे मला आजही रोमांचित करते.

जस्त काढणे चांदीपेक्षा पुष्कळ अवघड आहे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि खनिजातून ते मोकळे करायला त्याहून अधिक उष्णता लागते, म्हणून ते भट्टीत रसरूपाने मिळतच नाही, वाफ होऊन निघते, आणि त्या वाफेला हवा लागली की पुन्हा पांढरी राख होते. जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. भाजलेल्या खनिजाची भुकटी कोळशाबरोबर मळून केलेल्या लहान गोळ्या मुशीत भरत, मधोमध एक काडी उभी ठेवत आणि मुशीच्या तोंडाला मातीची निमुळती नळी बसवत. मग मूस उलटी करून सच्छिद्र तळावर उभी करत. अशा 36 मुशी, सहाच्या सहा ओळींत, एका भट्टीत बसत. काडी जळून गेली की वाफेला वाट मोकळी होई आणि ती वर न जाता खालच्या थंड कप्प्यात उतरून थिजत असे. आपल्याला मुशीत दिसलेला चोथा म्हणजे त्या गोळ्यांचा उरलेला भाग होय. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून केलेल्या कामात 1983 मध्ये अशा भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. युरोपात जस्त गाळण्याची अशीच अधोमुखी पद्धत ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने 1738 मध्ये पेटंट करून घेतली. जावरचे भट्ट्यांचे काम त्याच्या कितीतरी शतके आधीचे आहे.

राणा लाखाबद्दल मात्र दुरुस्ती करावीशी वाटते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या काळात खाणीचा शोध लागला, ही परंपरा राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉडने एकोणिसाव्या शतकात नोंदवली आणि तीच पुढे रूढ झाली. पण जुन्या खोदकामात सापडलेल्या लाकडांचे कार्बन कालमापन दोन हजार वर्षांहून मागे जाते. तेव्हा लाखाच्या काळात खाण सापडली असे न म्हणता, तिला नवी ऊर्जितावस्था आली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

अरवलीचा_वाटसरू:

दोघांचे मनापासून आभार. एक शंका उरते. शिशातून चांदी वेगळी कशी करत असत? आणि जस्ताचे खनिज शेजारीच असताना आरंभीच्या लोकांनी ते सोडून का दिले?

मूस_आणि_भाता:

गॅलेना भाजून, वितळवून आधी शिसे काढत, त्यात चांदी विरघळून येई. ते शिसे राखेच्या किंवा मातीच्या उथळ मुशीत तापवून त्यावर भात्याने वारा घालत राहिले की शिशाचे मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) होते आणि ते मुशीत शोषले जाते किंवा बाजूला ओढून काढता येते. चांदीला हवेने काही होत नाही, म्हणून शेवटी तिचा मणी तळाशी उरतो. ही विद्या जगात फार जुनी आहे. जस्ताचे बंद मुशीतले ऊर्ध्वपातन मात्र पुष्कळ नंतर साधले, आणि तोपर्यंत स्फॅलेराइट हा धातू न देणारा दगडच होता.

निवृत्त_खाणवाला:

आधुनिक शोधाविषयी थोडे राहिले होते. जावरच्या जुन्या खाणीत उतरलात तर भिंतींवरून हात फिरवून पाहा. छिन्नीने फोडलेला खडक धारदार असतो, इथल्या भिंती गोलसर, गुळगुळीत आहेत आणि कोनाड्यांत काजळी आहे. खडकाला लाकडांचा जाळ लावून, तो तडकवून पुढे सरकण्याची ही खूण आहे. जिथे खनिज संपले तिथे भुयार थांबले, त्यामुळे अशी खोदकामे म्हणजे आमच्यासाठी आयता नकाशाच होता.

टॉडच्या काळापर्यंत खाणी बंद पडल्या होत्या. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथल्या बॉडविन खाणीचे शिसे भारताला मिळेनासे झाले, आणि युद्धकाळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पुन्हा मोचिया मगराकडे लक्ष वळवले. त्यानंतर हे काम मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे गेले आणि 1966 मध्ये हिंदुस्तान झिंकची स्थापना झाली. वेधन करताना, म्हणजे खडकाला खोल भोके पाडून पाहताना, असे लक्षात आले की मोचियातले खनिज एका अखंड थरात न राहता, तिरक्या भेगांच्या अनुषंगाने एकापुढे एक सरकलेल्या, भिंगासारख्या आकाराच्या तुकड्यांच्या रूपात आहे. एक भिंग संपले म्हणून काम थांबवले तर शेजारचे हुकते. खनिज मूळचे गाळाबरोबरचे, हे मला मान्य आहे. पण खाणीत त्याचा माग काढायचा तर भेगांचाच काढावा लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि आपल्या पहिल्या प्रश्नापुरते सांगायचे तर, चांदी आजही त्याच वाटेने येते. राजस्थानातल्या या खाणींचे शिसे शुद्ध करताना ती वेगळी होते, आणि भारतात निघणारी जवळजवळ सगळी चांदी याच पट्ट्यातली आहे. तिचा मोठा वाटा मात्र जावरचा नसून दरिब्याजवळच्या सिंदेसर खुर्दचा आहे.